सूर्य जेथून परततो

जानेवारीचा पहिला आठवडा सरला म्हणजे हावड्याच्या स्थानकात एक निराळाच हिंदुस्थान उतरू लागतो. बिहारातून, अयोध्येच्या मुलखातून, राजस्थानातून, नेपाळच्या तराईतून आलेली, डोक्यावर बोचकी घेतलेली आणि गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून एकमेकांच्या पदरांना गाठी मारून चालणारी माणसे फलाटावरून बाहेर पडतात, समोर दिसणाऱ्या गंगेला हात जोडतात, आणि पूल ओलांडून बाबूघाटाकडे, तेथून काकद्वीपाकडे, व मुडीगंगेचे रुंद पात्र उतरून सागरबेटाकडे मार्गस्थ होतात. गंगा जेथे समुद्रास मिळते, कपिलमुनींच्या कोपाग्नीने जेथे सगराचे साठ हजार पुत्र भस्म झाले आणि भगीरथाने आणलेल्या पाण्याने जेथे त्या भस्माचा उद्धार झाला असे आपण बालपणापासून ऐकत आलो, तेथे मकरसंक्रांतीच्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, त्यांना एक बुडी मारावयाची असते.

यांपैकी कोणासही हीच तारीख का म्हणून विचारले, तर तो तत्काळ सांगतो की आज सूर्य उत्तरेकडे वळतो. या उत्तरामागे श्रद्धा आहे, आणि एके काळी त्याच्यामागे गणितही होते. आज मात्र गणित त्याला सोडून गेलेले आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबर रोजी. यात्रेकरू सागराच्या पाण्यात उतरतो तेव्हा त्या घटनेस तेवीस-चोवीस दिवस लोटलेले असतात. ही तफावत कशी पडली आणि ती न पडू देण्याची युक्ती अक्षर ठाऊक नसलेल्या माणसांना कशी साधली होती, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी हावड्याच्या घाटावरून निघून आपणांस बरेच दूर जावे लागेल. परंतु ज्या खुणेने दूरचे ओळखावयाचे ती खूण या घाटावरच आहे, म्हणून आधी तेथे थोडे थांबू.

हावडा हुगळीच्या, म्हणजे येथल्या गंगेच्या, पश्चिम तीरावर वसलेले असल्यामुळे तेथील रहिवाशास सूर्योदय नेहमी पाण्यापलीकडे, कलकत्त्याच्या छपरांवर दिसतो. वर्षभर एकाच जागी उभे राहून जो हा उदय पाहील त्याच्या ध्यानात येईल, की सूर्य ठरलेल्या एका छपरामागून कधीच उगवत नाही. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांत, २० ते २३ तारखांच्या सुमारास, तो बरोबर पूर्वेस उगवतो. जूनमध्ये पाहणाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेस, साडेपंचवीस अंश सरकलेला असतो, आणि डिसेंबरात तितकाच उजवीकडे. म्हणजे हावड्याच्या क्षितिजावर सूर्याचा वर्षभराचा येरझारा सुमारे एकावन्न अंशांचा आहे. ही चाल सर्वत्र सारखी नसते. येरझाऱ्याच्या मध्यावर सूर्य रोज जवळजवळ आपल्या बिंबाच्या रुंदीइतका सरकतो. मात्र टोकाशी आला म्हणजे त्याची गती मंदावते, आठ-दहा दिवस तो जणू एकाच जागी खिळल्यासारखा उगवतो, आणि मग ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फिरतो. झोपाळा टोकाशी जसा क्षणभर थबकतो तसेच हे आहे. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य माघाच्या अमावास्येस विश्रांती घेतो आणि मग उत्तरेकडे निघतो असे जे सांगितले आहे, ते मला काव्य वाटत नाही. पहाटे उठून क्षितिज पाहणाऱ्या कोणा दक्ष पुरुषाने नोंदविलेला तो दाखला आहे.

आता या हावड्यातील डिसेंबरचा विचार करा. सर्वांत लहान दिवस येथे पावणेअकरा तासांचा असतो, आणि दोनप्रहरी सूर्य क्षितिजापासून चव्वेचाळीस अंश उंच येतो. थंडी पडते, गुळाचा हंगाम येतो, घरोघर पिठे नावाची पक्वान्ने होतात, परंतु सूर्य आपणांस सोडून जातो की काय अशी धास्ती कोणास वाटत नाही. कर्कवृत्ताच्या आसपास राहणाऱ्या आम्हां लोकांना सूर्य अतिपरिचित आहे. वैशाखात तो नकोसाही होतो. ज्या भूमीत तो दुर्मीळ, तेथल्या माणसाची त्याच्याविषयीची उत्कंठा समजून घ्यावयाची तर आपणांस उत्तरेकडे, साडेत्रेपन्न अक्षांशांच्याही पलीकडे गेले पाहिजे.

आयर्लंडमध्ये डब्लिन शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरांवर बॉइन नावाची नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत, उंचवट्यावर, हिरवळीने आच्छादलेला एक विशाल गोल ढिगारा आहे. त्याचे नाव न्यूग्रेंज. व्यास सुमारे ८५ मीटर, उंची सुमारे १३ मीटर, आणि पायथ्याशी सभोवार ९७ प्रचंड शिळांचे कडे. इजिप्तमधील खूफूच्या पिरॅमिडाहून तो सहा शतकांनी जुना आहे. इंग्लंडातील स्टोनहेंजच्या महाशिळा उभ्या राहिल्या त्याच्याही कितीतरी आधीचा. ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमारास, धातूचे हत्यार हातात नसलेल्या, चाक ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी तो रचला.

१६९९ साली चार्ल्स कॅम्पबेल नावाच्या जमीनदाराने रस्त्यासाठी दगड हवे म्हणून मजुरांकडून हा ढिगारा उपसण्यास प्रारंभ केला, तेव्हा आग्नेय बाजूस एक चक्राकार कोरीवकामाने भरलेली शिळा आणि तिच्यामागे आत जाणारा एक अंधारा बोळ उघडा पडला. एडवर्ड ल्हॉइड हा विद्वान त्याच सुमारास तेथे आला आणि त्याने प्रथम त्याचे वर्णन लिहिले. बोळ १९ मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंस उभ्या शिळा, वर आडव्या शिळा. त्याच्या टोकाशी एक दालन आहे आणि दालनास तीन कोनाडे. दालनाचे छत सहा मीटर उंच असून ते चुना-माती न वापरता, प्रत्येक थराचा दगड खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवीत, अखेरीस एका शिळेने झाकून बंद केलेले आहे. आमच्या हेमाडपंती देवळांची छते ज्यांनी मान वर करून पाहिली असतील त्यांना या तत्त्वाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. बोळाच्या छतातील सांधे भाजलेल्या मातीने आणि समुद्राच्या वाळूने बुजविले आहेत, आणि पावसाचे पाणी निघून जावे म्हणून शिळांच्या पाठीवर पन्हळी खोदल्या आहेत. परिणामी पाच हजार वर्षांच्या आयरिश पावसानंतरही दालन आजपर्यंत कोरडे राहिले आहे. याच भाजलेल्या मातीतील कोळशावरून वास्तूचा काळ ठरविता आला.

१९६२ साली कॉर्क येथील विद्यापीठीय महाविद्यालयातील पुरातत्त्वाचे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी येथे उत्खनन हाती घेतले आणि ते १९७५ पर्यंत चालविले. प्रवेशद्वाराच्या माथ्यावर, छताच्या दोन शिळांमध्ये, दगडांनी नीट बांधलेली एक झरोक्यासारखी पेटी त्यांना सापडली. दार असताना दाराच्या वर हा दुसरा झरोका कशासाठी, हे कोणास उमगेना. आसपासच्या लोकांत मात्र एक वदंता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, की वर्षातील कोणत्या तरी दिवशी उगवता सूर्य आतल्या त्रिवलयांकित शिळेस प्रकाश देतो. दिवस कोणता ते कोणी सांगत नसे. ओ’केलींनी बोळाची दिशा मोजली. ती आग्नेयेकडे, म्हणजे मकरायनाच्या (सूर्य उत्तरेकडे वळण्याच्या दिवसाच्या) सूर्योदयाकडे येत होती. वदंतेची रुजुवात करून पाहावी म्हणून २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत जाऊन अंधारात बसून राहिले.

समोरच्या टेकडीवर सूर्य वर आल्यानंतर चार मिनिटांनी, आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांच्या सुमारास, त्या झरोक्यातून एक बारीक किरण आत शिरला, बोळाच्या जमिनीवरून सरपटत दालनाच्या मध्यावर आला, रुंदावून सतरा सेंटिमीटर झाला आणि दालनाचे कोपरे व छत ओळखू येतील इतका उजेड पसरला. सतरा मिनिटांनंतर तो आकुंचन पावून नाहीसा झाला. किरणाच्या वेळेची व रुंदीची ही काटेकोर मोजमापे ओ’केलींनी १९६९ च्या त्याच दिवशी घेतली. पण पहिल्या पहाटेनेच त्यांचा प्रश्न सोडविला होता. पाच सहस्र वर्षांपूर्वी कोणी योजिलेली ही गोष्ट अजून चालू होती, आणि मधल्या काळात कित्येक शतके, ढिगारा ढासळून दार बुजलेले असताना, सूर्य दरसाल त्या झरोक्याशी येऊन आत न जाताच परत फिरत होता.

झरोक्याची आवश्यकता का पडली तेही मोजणीने उलगडले. बोळाची जमीन आतल्या बाजूस चढत जाते आणि दालनात ती प्रवेशद्वारापेक्षा सुमारे दोन मीटर उंच असते. दारातून येणारा प्रकाश त्यामुळे बोळाच्या मध्यापर्यंतच पोचतो; दालनापर्यंत पोचावयाचा तर तो दाराच्या वरून, दालनाच्या तळाशी समपातळीत असलेल्या छिद्रातूनच आला पाहिजे. म्हणजे बांधणाऱ्याने चढाची उंची, बोळाची लांबी, सूर्याचा दिगंश आणि छिद्राची रुंदी यांचा मेळ आधी बसविला आणि मग शेकडो मण वजनाच्या शिळा उभ्या केल्या. याहून अधिक बोलकी गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे. झरोका गारेच्या दोन चिऱ्यांनी बंद करण्याची सोय होती, आणि ते चिरे पुनःपुन्हा सरकविल्याच्या घासण्या तळशिळेवर उमटलेल्या आहेत. खालचे दार एका मोठ्या शिळेने बंद होत असे. दार बंद, झरोका उघडा: अशा स्थितीत आत शिरणारा सूर्यप्रकाश पाहण्यास आत जिवंत मनुष्य कोणी नव्हता. आत होती ती किमान पाच माणसांची अस्थिशेष, काही जळलेली, काही न जळलेली. तो प्रकाश मृतांसाठी होता.

सूर्याचे परतणे आणि मृताची गती यांचा काय संबंध, हा प्रश्न युरोपीय पंडितांनी पुष्कळ घोळविला आहे. मराठी वाचकास तो इतका दुर्बोध वाटू नये. पितामह भीष्म शरशय्येवर अठ्ठावन्न रात्री पडून राहिले ते प्राण जात नव्हता म्हणून नव्हे. इच्छामरणी असल्यामुळे दक्षिणायनात देह ठेवावयाचा नाही हा त्यांचा निश्चय होता म्हणून. उत्तरायणात गेलेला जीव परतत नाही, दक्षिणायनात गेलेला पुन्हा येतो, हा गीतेचा निर्णय आमच्या आजीच्या बोलण्यातही सहज येई. गंगासागराची कथा काढली तर तेथेही हेच त्रिकूट दिसते: अतृप्त मृतांची राख, तिचा उद्धार आणि सूर्याचे वळण. आयर्लंडच्या त्या शेतकऱ्यांचा आणि आमच्या पूर्वजांचा काही संपर्क होता असे सुचविण्याचा माझा किंचितही मानस नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. न्यूग्रेंजच्या अक्षांशावर डिसेंबरातील दिवस साडेसात तासांचा असतो आणि मध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर जेमतेम तेरा अंश वर येतो. जो रोज खाली खाली जातो, मरणोन्मुख दिसतो, आणि मग थबकून पुन्हा वर चढू लागतो, त्याच्या हाती आपले मृत सोपवावे असे दोन निरनिराळ्या मुलखांतील माणसांना वाटले, यात आश्चर्य मानण्यासारखे मला काही दिसत नाही. बॉइनच्याच खोऱ्यात डाउथ येथील समाधी आणि स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटावरील मेशौ ही त्याच दिवसांतील सूर्यास्ताकडे तोंड करून आहेत. कोणी परतणाऱ्या सूर्याचा उदय पकडला, कोणी अस्त.

आता तफावतीकडे येऊ.

न्यूग्रेंजच्या बांधकामानंतर पृथ्वीच्या अक्षाचे कलणे सुमारे चोवीस अंशांवरून साडेतेवीस अंशांच्या किंचित खाली आले आहे. त्यामुळे तेथील मकरायनाचा सूर्योदय क्षितिजावर एखाद्या अंशाने सरकला, काही उभ्या शिळाही आत कलल्या, आणि पूर्वी मागच्या कोनाड्यापर्यंत जाणारा किरण आता दालनातच थांबतो. पाच हजार दोनशे वर्षांत एवढीच चूक पडली, आणि दिवस तर एकानेही चुकला नाही. उलट आमची संक्रांत सतराशे वर्षांत चोवीस दिवस पुढे गेली. याचे कारण आमच्या ज्योतिष्यांचे अज्ञान नव्हे. आम्ही वर्षाची खूण क्षितिजावर न ठेवता नक्षत्रांत ठेवली, हे आहे. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्याशी येण्यास जो काळ घेतो तो एका उत्तरायणापासून पुढल्या उत्तरायणापर्यंतच्या काळापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठा आहे, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो आणि त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकत राहतो. वर्षाला वीस मिनिटे ही बाब क्षुल्लक. परंतु एकाहत्तर वर्षांत तिचा एक दिवस होतो.

या एका दिवसाचा हिशेब आपल्या इतिहासात ताडून पाहता येतो. स्वामी विवेकानंद, ज्यांच्या बेलूर मठामुळे हावडा जिल्ह्याचे नाव जगभर गेले, ते १२ जानेवारी १८६३ रोजी, पौष संक्रांतीच्या दिवशी जन्मले. आज ती संक्रांत १४ वा १५ तारखेस येते. मराठी माणसाच्या मनात तर संक्रांत हा शब्दच १७६१ च्या पानिपताशी जखडलेला आहे, आणि एखाद्यावर संक्रांत आली असे आपण म्हणतो तेव्हा ती १४ जानेवारीची दुपार कोठे तरी डोळ्यांपुढे उभी असते. गणिताने पाहता त्या वर्षीची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. भाऊसाहेब रणात उतरले तो पौष शुद्ध अष्टमीचा दिवस संक्रांतीचा नव्हता. याने त्या दिवसाचे दुःख उणे होत नाही, परंतु तारखा आणि सण यांची सांगड नित्य असते ही आपली समजूत मात्र त्याने ढिली व्हावी.

ही गोष्ट प्राचीनांना ठाऊक होती, आणि हे मी अभिमानाने लिहितो. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठांच्या प्रारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहिले की पूर्वशास्त्रांत अयने अमुक नक्षत्री सांगितली आहेत, आज ती कर्काच्या आणि मकराच्या आरंभी होतात, आणि हा फरक ज्यास पटत नसेल त्याने प्रत्यक्ष परीक्षा करावी. परीक्षा कशी करावी तेही त्याने सांगितले: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा दूरच्या एखाद्या खुणेशी वेध घ्यावा, अथवा मोठ्या वर्तुळात शंकूची छाया कोठून शिरते व कोठून निघते ते चिन्हांकित करावे. न्यूग्रेंजच्या बांधणाऱ्यांनी दगडात जे केले तेच आमच्या आचार्याने शब्दांत सांगितले होते. शब्द टिकला, पण वेध घेण्याचा परिपाठ पुढे क्षीण झाला, आणि पंचांगकर्ते पोथीवरून पोथी उतरवू लागले.

आधुनिक काळात ही चूक दुरुस्त करण्याचा सर्वांत मोठा उद्योग कलकत्त्यातून झाला. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. निर्मलचंद्र लाहिरी तिचे कार्यवाह होते, आणि महाराष्ट्राकडून तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर बसले होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली; तिच्यात पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबर अशी मुक्रर केली आहे, म्हणजे सूर्य वळला की महिना सुरू. आकाशवाणीवर तारीख सांगताना आणि राजपत्राच्या माथ्यावर ती आजही येते. सण मात्र समितीने लोकांच्या नाक्षत्र परंपरेवरच राहू दिले, आणि त्यातही टिळक पंचांग मानणारी घरे १० जानेवारीलाच तिळगूळ वाटतात. समितीचा हा संकोच मला समजतो. लाखो यात्रेकरूंना तेवीस दिवस आधी सागरावर बोलाविण्याचा हुकूम कोणते सरकार काढील? तथापि खरे उत्तरायण कोणते हे शाळेच्या पुस्तकात तरी ठळक असावयास हवे होते.

आमच्याकडे दगडात सूर्य पकडल्याची काही खूण आहे काय? न्यूग्रेंजसारखी लांब बोळाची आणि झरोक्याची समाधी आमच्याकडे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु मृतांवर मोठे दगड रचण्याची चाल आमच्या देशात दीर्घकाळ होती. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी कर्नाटकात ब्रह्मगिरीस खणलेल्या शिळापेट्यांच्या पूर्वेकडील फळीस वाटोळे भोक आढळले. त्याच प्रांतात शिमोग्याकडे निलसकल येथे उभ्या केलेल्या शिळांच्या जोड्या अयनदिनांच्या उदयास्तांशी जुळतात असे अभ्यासकांनी दाखविले आहे. हावड्याहून एका रात्रीच्या वाटेवर हजारीबागजवळ पंकरी बरवाडीह येथे दोन शिळांच्या खाचेतून संपातदिनाचा, म्हणजे बरोबर पूर्वेस उगवण्याच्या दिवसाचा, सूर्य उगवताना दिसतो, आणि त्या परिसरात कोळशाच्या खाणी वाढत असल्याने तिच्याविषयी मनात काळजी राहते. मला मात्र अधिक जवळची वाटते ती नागपूरची गोष्ट, कारण ती हावडा-कलकत्त्याशी रुळांनी आणि कागदाने जोडलेली आहे.

एके काळी नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगाल्यात आले आणि त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणला, तो मराठा खंदक म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच दोन टोकांना पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने जोडले आणि १९०० साली तिचे रूळ हावड्यास येऊन भिडले. ज्या माळावरून ते घोडेस्वार निघाले त्या माळावर त्यांच्याही दोन हजार वर्षे आधीची शिळावर्तुळे पसरलेली होती. काटोलच्या वाटेवर जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत: मोठमोठ्या दगडांचे कडे, आत माती आणि गोट्यांचा उंचवटा, आणि त्याच्या पोटात मृत व्यक्तीची अस्थी, मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, कोठे घोड्याची हाडे व त्याचा तांब्याचा साज. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळघाटच्या वर्तुळांकडे प्रथम लक्ष वेधले. १८६३ साली तीच पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात त्यांना जलसमाधी मिळाली. त्यांच्यानंतर मध्यप्रांताचे कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणी खणले, आणि आपला वृत्तांत १८७९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. कड्यातील काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे रांगांनी कोरलेले आहेत आणि तसेच खळगे ब्रिटनमधील पुराण्या शिळांवर आहेत, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बा. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी खणले, आणि डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड या स्थळांचे उत्खनन करून विदर्भाच्या या लोहयुगीन समाजाचे चित्र पुरे केले. नैकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

त्या खळग्यांचे कोडे मात्र तसेच होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी जुनापाणीच्या ५६ वर्तुळांतील खळग्यांच्या दगडांची दिशा वर्तुळाच्या मध्यापासून मोजली, तेव्हा असे दिसून आले की ते दगड कड्यात मन मानेल तसे बसविलेले नाहीत. ठराविक दिशांनाच ते वारंवार येतात. वराहमिहिराने ज्या मोठ्या वर्तुळात छायेच्या खुणा करावयास सांगितले, तेच ही वर्तुळे होत असे विधान मी करणार नाही, कारण दोहोंत हजार-बाराशे वर्षांचे अंतर आहे. इतके मात्र निश्चित की विदर्भातील त्या लोखंडकाम्यांनी आपल्या मृताभोवती दगड ठेवताना दिशेचा विचार केला होता.

मजकडे सांगण्यासारखी विद्या फारशी नाही. हावड्यातील शिबपुरास एका गच्चीवरून मी काही हिवाळे सूर्याचे हे वळण पाहत आलो, एवढेच. कठड्यावर खडूने एक रेघ मारली, पलीकडच्या एका पाण्याच्या टाकीची खूण धरली, आणि डिसेंबरच्या दहा तारखेपासून रोज पाहू लागलो. धुके फार असते, तेव्हा चार दिवसांतला एक हाती लागतो. वळणाचा नेमका दिवस डोळ्यांनी पकडता येत नाही, कारण सूर्य तेव्हा थबकलेला असतो. म्हणून तो टाकीच्या कडेशी जाताना कोणत्या तारखेस आला आणि येताना कोणत्या तारखेस, ते लिहून मधला दिवस काढावयाचा. न्यूग्रेंजच्या मंडळींनीही असेच केले असले पाहिजे, दुसरा मार्ग नाही. पहिल्या वर्षी माझा दिवस दोनाने चुकला. दुसऱ्या वर्षी २२ डिसेंबर आला.

वाचकांपैकी जे नागपुराकडे राहतात त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा तरी त्या तारखेस पहाटे जुनापाणीस जावे, खळग्यांचा दगड शोधून वर्तुळाच्या मध्यावर उभे राहावे, आणि त्या दगडावरून काय दिसते ते स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावे. वर्तुळातील एकही दगड हलवू नये, आणि कोणी हलवीत असेल तर त्यास रोखावे. ज्यांना तेथे जाणे शक्य नाही त्यांना आपली गच्ची पुरे आहे. त्या दिवशी सूर्य हावड्यास सहा वाजून तेरा मिनिटांच्या सुमारास उगवतो, आणि नागपुरास पावणेसातला.